अक्काने शिवलेलं गर्भाशय

गेल्या महिन्यात तू मला व्हिडिओ कॉलवर एक फॉर्म दाखवलास. नव्या डॉक्टरकडे नाव घालायचं होतं आणि त्यात एक रकाना होता, घरातल्या जवळच्या माणसांना कुठले मोठे आजार झाले होते का, असा. तू तिथूनच ओरडून स्वयंपाकघरातल्या आईला विचारलंस. ती म्हणाली, "काही नाही गं. अक्काआजीला पोटाचं होतं, पण ते वयाचं. 'नाही' लिही." मग तू स्क्रीनकडे वळून मला विचारलंस, "आजी, 'नाही' ना?"

मी म्हणाले, "तुझा आवाज तुटतोय गं, काही ऐकू येत नाही." आणि फोन बंद केला.

आवाज तुटत नव्हता. मला सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मुलीने प्रश्न विचारला आणि मी वर्गातून उठून गेले, असं एकदाही झालं नाही. म्हणून ते राहिलेलं उत्तर आज लिहायला बसले आहे. तू आणि तुझा भाऊ, तुम्ही दोघांनीही वाचायचं. धाकट्या, हे ताईचं आहे असं समजून तू बाजूला ठेवशील, तर ठेवू नकोस. का, ते पुढे येईल.

आमचं माहेरचं घर चामराजपुरममधलं, हेच, जिथे तुम्ही सुट्टीत येता. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून इथे कधी आले ते कुणालाच सांगता येत नाही. विठ्ठल आणि कात्री घेऊन आले, एवढंच घरात सांगत. अण्णा, म्हणजे माझे वडील, नजरबादला एका दुकानात साहेबलोकांचे कोट शिवायचे. घरात बोलायचं ते मराठीच, पण निम्मं कन्नड मिसळलेलं. तुमच्या आईचं मराठी ऐकून तुमच्या पुण्याच्या आजीला हसू यायचं, ते त्यामुळे.

मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. अक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा चौदाची होती. मला आईचं फारसं आठवत नाही. तिचं पोट मोठं दिसत होतं, तेवढं आठवतं. शेजारपाजारच्या बायकांना वाटलं, हिला तिसरं होणार. एकीने कैरीचं लोणचं आणून दिलं, डोहाळे लागले असतील म्हणून. आईने ते ठेवून घेतलं, नाही म्हणाली नाही. पुढे वैद्याने जलोदर सांगितला, पोटात पाणी होतं ते. लोणच्याची बरणी आई गेल्यावरही फडताळात होती आणि अक्काने ती कुणाला उघडू दिली नाही.

त्यानंतर अक्काने शाळा सोडली. अण्णांनी घरात एक पायमशीन आणून ठेवलं आणि ती बायकांचे ब्लाऊज शिवू लागली. घरातली एकच मुलगी पुढे शिकेल एवढी ऐपत होती, आणि ती कोण, हे अक्काने कुणाला न विचारता ठरवून टाकलं. मला मुलींच्या मिशनरी शाळेत घातलं. मी इंग्रजीत शिकले, इंग्रजीत विचार करू लागले. शरीराच्या आतल्या एकेका भागाची नावं मला इंग्रजीत तोंडपाठ होती. घरच्या भाषेत मात्र छातीपासून मांडीपर्यंत एकच शब्द होता, पोट. पाळी आली तरी पोटात दुखतंय. मूल पडलं तरी पोटाचं झालं.

अक्का पाळीचे तीन दिवस मागच्या खोलीत चटईवर बसायची. आयुधपूजेला मशीनला हळदीकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा, म्हणून त्या तीन दिवसांत मशीनला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक आलं की मी दारात जाऊन सांगायचं, "मशीन रिपेरला गेलंय." मशीन दारातूनच दिसत असायचं. बायका त्याच्याकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं, शुक्रवारी येते." मोठी झाल्यावर मी अक्काशी यावरून भांडले. म्हटलं, यात विटाळ कसला, विज्ञान सांगतं की... ती म्हणाली, "साकु कणे, पुरे. तीन दिवस पाठ टेकायला मिळते, ती तुझं विज्ञान देणार आहे का मला?"

तिचं लग्न झालं नाही. एक-दोन स्थळं आली होती. ती म्हणायची, धाकटीचं आधी होऊ दे. माझं झालं, तोवर तिचं वय गेलं होतं.

शाळेत लागले त्या वर्षीची गोष्ट. प्रयोगशाळेत हृदय होतं, कान होता, दोन डोळे होते, अख्खा सांगाडा होता. स्त्रीच्या प्रजननसंस्थेचं काही नव्हतं. माझ्या आधीच्या बाई त्या धड्याशी आल्या की म्हणायच्या, "हा घरी वाचा, परीक्षेत ऑप्शनला टाकता येतो." मला हा धडा शिकवायचाच होता. मी इथे पडवीत तक्ता काढत बसले होते आणि अक्का शेजारी काजं करत होती. तिने मान वाकडी करून पाहिलं.

"हे काय, बोकडाचं डोकं काढलंस?"

"अक्का! गर्भाशय आहे ते."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे काय? सगळ्या बायकांचं. तुझंही."

तिने सुई ब्लाऊजात टोचून ठेवली आणि जवळ सरकली. "आणि ही शिंगं?"

"त्या नळ्या. टोकाशी अंडाशयं."

"आत हे असं चपटं असतं होय?"

"कागदावर चपटंच दिसणार."

"मग कागद कशाला? पिशवीच म्हणतात ना हिला? पिशवी मी शिवते. माप सांग."

मी पुस्तकातलं माप सांगितलं. लांबी तीन इंच, रुंदी दोन, जाडी एक. तिने टेप घेतला, तीन इंचांवर अंगठा धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

"अय्यो! एवढ्याशासाठी एवढा दंगा?" आणि ती हसत सुटली. इतकी, की अण्णा आतून विचारायला आले, काय झालं म्हणून. मी तक्ता उलटा घातला.

मागच्या बाकावरून दिसावं म्हणून माप चौपट धरलं. तिची एक मापाची वही असायची, कन्नड अक्षरांत लिहिलेली. त्यात गिऱ्हाईकाच्या नावाच्या जागी तिने लिहिलं, "सगळ्याजणी".

तिने आठ दिवस घेतले. बाहेरून गुलाबी पॉपलीन, मध्ये कापसाचा जाड थर, कारण मी म्हटलं होतं की ही भिंत सगळी स्नायूंची असते. आत लाल साटनचं अस्तर. अस्तराचं मी समजावलं, की हे दर महिन्याला नवं तयार होतं आणि मूल राहिलं नाही तर गळून जातं, तीच पाळी. ती म्हणाली, "दर महिन्याला अस्तर नवं? आणि शिवणावळ कोण देतं?" पण मग तिने ते अस्तर टिचबटणांवर बसवलं, म्हणजे मला वर्गात काढून दाखवता यावं. खाली गर्भाशयाच्या मुखाशी परकराला असतो तसा नेफा केला आणि त्यात नाडी ओवली. "बाळ यायच्या वेळी उघडायला पाहिजे ना? मग नाडीशिवाय कसं?" अंडाशयं बदामाच्या आकाराची केली आणि आत मोहरी भरली, अंडी म्हणून. हातात घेतली की बारीक आवाज यायचा. नळ्यांच्या टोकांना झालर असते असं सांगितल्यावर ब्लाऊजच्या पाठीला लावायची रेशमी लटकनं लावली. पुस्तकात इतकी सुंदर झालर मी पाहिली नव्हती.

अडलं ते शेवटी. लटकन बोटात धरून तिने विचारलं, "हे टोक कुठे जोडायचं?"

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"अंडाशय एका दोरीने गर्भाशयाला बांधलेलं असतं. नळीचं तोंड त्याच्यावर नुसतं झुकलेलं असतं. मध्ये फट."

"मग अंडं खाली पडलं तर?"

"पोटात पडतं आणि विरून जातं."

"म्हणजे तिथून पोटात जायला वाट उघडीच?"

"उघडीच."

तिला ते पटेना. "हे काम करता करता कुणीतरी मध्येच उठून गेलंय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मॉडेल हातात दिलं तेव्हा दोन्ही लटकनं अंडाशयांना बारीक टाक्यांनी जोडलेली होती. टाका शोधूनही सापडू नये असं तिचं हात-शिवणकाम. मी ब्लेड घेतलं आणि तिच्यासमोर ते टाके उसवले. म्हटलं, चुकीचं शिकवता येणार नाही मला. तिने सुटलेले दोरे वेचून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या पुस्तकात चूक असेल."

ते मॉडेल मी तीस वर्षं वापरलं. मोहरी दोनदा बदलली, नाडी अनेकदा. निवृत्त झाले त्या दिवशी घरी आणलं. तुमचे आजोबा गेल्यावर मी विजयनगर भागातलं आमचं घर सोडून इथे अक्कापाशी राहायला आले, तेव्हा तिने ते दसऱ्यात घरोघरी पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्यांच्या पेटीत ठेवलं. दर नवरात्रात पेटी उघडली की ती मला विचारायची, "काय गं, हिलाही मांडायची का पायरीवर? राजा-राणीच्या शेजारी?"

आता ते सांगते, जे सांगायचं आहे.

अक्का एकोणसत्तर वर्षांची होती. एका सकाळी इडली अर्धी टाकून उठली. म्हणाली, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं. मी जिऱ्याचं पाणी दिलं. पुढे म्हणू लागली, परकर कंबरेत काचतो. मी पाहिलं, ती आपला परकर उसवून बसली होती आणि शिवणीत ठेवलेली माया, म्हणजे आतलं जादा कापड, सोडून तो सैल करत होती. मी म्हटलं, "बसून बसून पोट सुटलंय तुझं. संध्याकाळी चालायला चल." ती चालली माझ्याबरोबर. मारुतीच्या देवळापर्यंत जाताना दोनदा थांबली.

एकदा तिने सरळ विचारलं. भाजी निवडत होतो आम्ही.

"आतलं काही असेल का गं? ते, शिवलेलं?"

मी हसले. "अक्का, तुझी पाळी जाऊन अठरा वर्षं झाली. ती अंडाशयं आता सुकून शेंगदाण्याएवढी झाली असतील. त्यांचं काम कधीच संपलं. गॅस आहे हा."

"खरंच?"

"तीस वर्षं शिकवलंय मी."

शिकवलं होतं, ते खरं. त्या धड्यात शेवटचं वाक्य होतं, की या वयानंतर या अवयवांचं कार्य थांबतं. त्याच्यापुढे धडा संपायचा आणि मी पुस्तक मिटायचे. ज्यांचं काम थांबलं त्यांना पुढे काही होऊच शकत नाही, असं त्या वाक्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने धरून चालले, आणि इतक्या ठामपणे सांगितलं, की अक्काने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला सोनोग्राफी करून घ्या म्हटलं होतं. मला ते नंतर कळलं. ती त्यांना म्हणाली होती, "आमची धाकटी सायन्स टीचर आहे. ती गॅस म्हणते."

सात महिने गेले असे.

नवरात्राच्या आदल्या दिवशी बाहुल्यांची पेटी काढायला ती वाकली आणि तिला वाकता येईना. भिंतीला हात लावून उभी राहिली. खिडकीतून उजेड येत होता आणि मला ती बाजूने दिसली. हातापायांच्या काड्या आणि पुढे पोट. मी सहा वर्षांची असताना जे पाहिलं होतं ते जसंच्या तसं.

पुढे सोनोग्राफी, मोठं हॉस्पिटल, सगळं आठ दिवसांत. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. माझ्याशी इंग्रजीत बोलत होते. बोलता बोलता त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक आकृती काढली. अक्का पुढे झुकली.

"बोकडाचं डोकं," ती माझ्या कानात म्हणाली.

डॉक्टर सांगत होते, की अंडाशयाचा म्हणतात तो हा कॅन्सर पुष्कळदा नळीच्या टोकाला, झालरीपाशी सुरू होतो असं आता समजलंय. तिथे फट असते. मध्ये भिंत नसते. पेशी पोटात गळतात आणि तिथे रुजतात. म्हणून दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं, म्हणून पोटात पाणी होतं. त्यांनी पेनचं टोक त्या फटीवर ठेवलं होतं.

अक्का म्हणाली, "काय म्हणतात?"

मी मराठीत सांगितलं. काही गाळलं नाही. तेवढं तरी केलं.

तिने सगळं ऐकलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी टाका घातला होता तिथे. तूच उसवलास."

ती हसत होती. मला हसवायला म्हणाली होती. शप्पत सांगते, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण नऊ वर्षं झाली, मी ते वाक्य ऐकते आहे.

डॉक्टरांनी अक्काकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, घरात आणखी कुणाला? अक्काच म्हणाली, "आईला. जलोदर." त्यांचं पेन थांबलं. ते माझ्याकडे वळले आणि मला इंग्रजीत म्हणाले, तुम्ही रक्ताची एक तपासणी करून घ्या. घराण्यातून येणारा दोष असू शकतो. तुम्हाला मुलगी आहे का?

हे मात्र मी अक्काला भाषांतर करून सांगितलं नाही. तिला गरजही पडली नाही.

परत येताना रिक्षात तिने माझा हात धरला. "एक ऐक. कुणाला सांगायचं नाही हे कुठलं ते. पोटाचं म्हण."

"का?"

"का काय? लग्न न झालेली बाई मी. तिथला रोग म्हटलं, की बायका काय काय जोडतील तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. माप देताना बोलतात त्या माझ्यापाशी. आणि वरून घराण्यातला म्हणतोय तो. आपल्या पोरीच्या पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

"ती सोळा वर्षांची आहे, अक्का. परदेशात आहे."

"परदेशात असली म्हणून काय? स्थळ बघताना घर बघतातच. शब्द दे."

तुझ्यासाठी होतं ते, बाळ. सोळा वर्षांच्या तुझ्यासाठी. मी शब्द दिला.

नंतरचं थोडक्यात सांगते. औषधं झाली, केस गेले. पोटातलं पाणी सुईने काढायचे, तेव्हा चार दिवस तिला बरं वाटायचं. मग परत भरायचं. एकदा तर टेप मागून घेतला आणि पाणी काढायच्या आधी आणि नंतर स्वतःचं माप घेतलं. "पाच इंच," म्हणाली, "इतका फरक मी कुठल्याही गिऱ्हाईकाला दिला नाही." शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं. माघातल्या एका दुपारी गेली. विठ्ठलाच्या देवळातली मंडळी आली, तिने ज्यांचे ब्लाऊज शिवले त्या बायका आल्या. त्या मला विचारत होत्या, काय झालं हो अक्कांना? आणि मी प्रत्येकीला सांगत होते, पोटाचं. तुमच्या आईने फोनवर विचारलं, तिलाही तेच.

पंधरा दिवसांनी मी तिची मापाची वही उघडली. गिऱ्हाइकांचे कपडे परत द्यायचे होते. शेवटच्या पानांत एक पान होतं, वर नावाच्या जागी लिहिलेलं, "मी". खाली महिन्याला एक याप्रमाणे सात ओळी. पोट तेहतीस इंच, चौतीस, साडेपस्तीस, असं सदतीसपर्यंत. शेजारी दंडाचं माप, अकरा, साडेदहा, पावणेदहा. जन्मभर बायकांची मापं घेतलेल्या माणसाला हे कळतं, की अंग सुटतं तेव्हा दंडही सुटतो. पोट वाढतंय आणि दंड वाळतोय, हे तिने पाहिलं होतं, लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या ओळीपुढे कन्नडमध्ये लिहिलं होतं, "धाकटीला विचारणे". आणि त्याच्यापुढे, वेगळ्या शाईत, "ग्यास".

मी वही मिटली. रक्ताची तपासणी केली नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. मला वाटायचं, मी शब्द पाळते आहे. शब्द पाळणं सोपं होतं. तपासणी केली असती तर तुमच्या आईला सांगावं लागलं असतं, मी अक्काला काय सांगितलं होतं, तेही.

मग तू फॉर्म दाखवलास.

त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच रिक्षा करून गेले आणि रक्त दिलं. तीन आठवड्यांनी निकाल आला. दोष आहे. आईकडून अक्काला आला असणार आणि मलाही आला. माझी सोनोग्राफी स्वच्छ आहे, तेव्हा घाबरू नका. डॉक्टर म्हणतात, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयं काढून टाकू. मी हो म्हटलं आहे. पण दोष माझ्यापाशी थांबत नाही. तुमच्या आईकडे गेला असण्याची शक्यता निम्मी. तिच्याकडे गेला असेल, तर तुम्हा दोघांपैकी प्रत्येकाकडे परत निम्मी. धाकट्या, आता कळलं ना, तुला का वाचायला सांगितलं? हा दोष मुलगा-मुलगी बघत नाही. पुरुषांनाही त्याचे त्रास होतात, आणि तुला उद्या मुलगी झाली तर तिच्यापर्यंत पोचायला त्याला तुझ्यातूनही वाट आहे.

परवा मी तुमच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं, वहीच्या पानासकट. ती म्हणाली, "नऊ वर्षं, अम्मा?"

"शब्द दिला होता अक्काला."

"आणि मी? मी पन्नाशीला आले. मागच्या वर्षी पोट जड वाटत होतं तेव्हा तुला फोन केला होता मी. आठवतं? काय सांगितलंस?"

मला आठवत होतं. मी जिऱ्याचं पाणी घे म्हटलं होतं.

"तू टीचर होतीस ना?" ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. या वेळी कुणाचाच आवाज तुटत नव्हता. संध्याकाळी तिचा मेसेज आला, फक्त एक ओळ. शुक्रवारी तपासणीला जाते आहे. आज बुधवार. तिचा निकाल येईपर्यंत मी काय करणार आहे ते मला ठाऊक नाही.

बाहुल्यांच्या पेटीतून मी आज मॉडेल बाहेर काढलं. साटनचा रंग उडालाय, एका अंडाशयातली मोहरी सगळी गळून गेलीय. लटकनं मात्र तशीच आहेत. चष्मा लावून पाहिलं, तर पॉपलीनवर तिच्या टाक्यांची भोकं अजून दिसतात, दोन्हीकडे, एका ओळीत. ते तुमच्याकडे पाठवते आहे. ताई, तुझ्या आईसमोर टेबलावर ठेव आणि दोघींनी मिळून एकेक भाग हातात घेऊन बघा. बघताना नावं मोठ्याने घ्या. आमच्या घरात ती कुणी मोठ्याने घेतली नाहीत. मी घेतली, ती दुसऱ्यांच्या मुलींसमोर.

अक्का रागावेल. मी तिचा शब्द मोडला. तिने तुझ्या लग्नासाठी मागितला होता, आणि तुझ्यासाठीच मोडला, असं तिला सांगेन म्हणते.

तू तो फॉर्म 'नाही' लिहून देऊन आलीस, असं आईकडून कळलं. उद्याच जा आणि परत माग. खोडाखोड नको, नवीन पान घे. लिही: आईच्या आईची आई, तरुणपणीच गेली, पोटात पाणी झालं होतं, बहुधा अंडाशयाचा कॅन्सर. आईच्या आईची बहीण, अंडाशयाचा कॅन्सर, एकोणसत्तराव्या वर्षी. आईची आई, तपासणीत दोष आढळला. माझ्या निकालाची प्रत या पाकिटात आहे, ती सोबत जोड.

त्या रकान्यात 'पोटाचं' असं कुठेही लिहू नकोस.